यंत्र घेण्याआधी पाणी तपासू या

प्रिय विद्यार्थी, पालक व विश्वस्त मंडळी,


सन २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन व ओमर याघी यांना मिळाले. धातूचे अणू व कार्बनी रेणू गुंफून त्यांनी जाळीदार, सच्छिद्र पदार्थ घडविले. (हिंदी माध्यमात आम्ही 'सरंध्र' म्हणून शिकलो, अर्थ तोच.) अशा दोन-चार ग्रॅम पदार्थाचा आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरू शकतो.

या पदार्थांचा एक उपयोग म्हणजे पाण्यातले युरेनियम पकडणे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ते जेमतेम ३.३ मायक्रोग्रॅम असते, क्षार मात्र सुमारे ३५ ग्रॅम! तेव्हा नुसती छिद्रे असून भागत नाही. नेमके युरेनियमच धरतील असे अमिडॉक्झिमसारखे रासायनिक गट आत बसवावे लागतात. जपानने १९९९ ते २००१ या काळात असे गट लावलेले कापड समुद्रात बुडवून सुमारे १ किलो युरेनियम मिळविले. पुण्याच्या आयसर संस्थेतही यावर काम झाले आहे.

समुद्रातल्या इंधनाची चर्चा खूप होते. मला मात्र जमिनीतले पाणी अधिक निकडीचे वाटते. खडकांतले युरेनियम भूजलात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. राजस्थान व गुजरातमधील अनेक विहिरींत ती ओलांडली गेल्याचे २०१८ च्या एका अभ्यासात दिसले. त्याला रंग, वास, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, टीडीएस मीटर ते वेगळे दाखवत नाही. जास्त मात्रेत मूत्रपिंडाला अपाय होतो.

आर.ओ. यंत्र युरेनियम बरेचसे अडविते, पण अडविलेले सांडपाण्यातून बाहेर जाते. सच्छिद्र पदार्थही कधीतरी भरतो. पकडलेले पुढे कुठे टाकायचे, हा प्रश्न दोन्हीकडे उरतोच.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे: शाळेसाठी नवे यंत्र घेण्यापूर्वी आपल्या बोअरिंगचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, त्यात युरेनियमची तपासणी आवर्जून सांगावी आणि अहवाल, जसा येईल तसा, सूचना फलकावर लावावा. यंत्राच्या तुलनेत हा खर्च थोडा आहे. पाण्यात काय आहे हे कळल्यावाचून औषध ठरविणे बरे नव्हे.

आपली,
मुख्याध्यापिका