‘एफ’ फॉर फजिती

‘ताई, पंखा फिरून राहिला, लाइट लागला... पण स्क्रीन काळीच आहे. काहून?’

रात्रीचे साडेदहा. मी पुण्यात, धाकटा आमगावात, मधे व्हिडिओ कॉल. त्यानं फोन तांब्याला टेकवून ठेवलाय, त्यामुळे मला अर्धा मदरबोर्ड आणि बाबांचा एक गुडघा एवढंच दिसतंय. बाबा काही बोलत नाहीत. बाबा बोलत नसले की मला जाम टेन्शन येतं.

आमगाव कुठंय? ऑफिसात कुणी विचारलं की मी ‘गोंदियाच्या पुढे’ म्हणते. मग ‘गोंदिया कुठंय?’ असा प्रश्न येतोच. तर मंडळी, महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापुरातून निघून अख्खा महाराष्ट्र पालथा घालते आणि जिथे थकून थांबते, त्याच्याही पुढे. भवभूतीचं गाव मानलं जाणारं पदमपूर आमच्या शेजारीच. तिथेच आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे अल्बम, पासपोर्ट फोटो, बारशाचे बॅनर, सगळं एका पुरातन कॉम्प्युटरवर चालायचं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. आमचं मशीन विंडोज 11 ला चालणारं नव्हतं, आणि त्याआधीच ते दिवसातून तीनदा आपोआप बंद व्हायला लागलं होतं. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. थांबणं शक्यच नव्हतं.

पैसे धानाचे. बाबांनी स्पष्ट सांगितलं, ‘बत्तीस हजार. त्याच्यावर एक रुपया नाही.’ मॉनिटर, की-बोर्ड, माऊस जुनेच वापरायचे. मी पत्रकार, लॅपटॉपवर लेख टाइप करणारी. पण घरात ‘पुण्यातली’ म्हणून तज्ज्ञ मीच. सप्टेंबरात बसून मस्त यादी केली. इंटेलचा आय-3 12100, एच 610 चा मदरबोर्ड, 16 जीबी रॅम, 500 जीबीचा एसएसडी, ब्राँझ रेटिंगचा एसएमपीएस, नवा कॅबिनेट, छोटा यूपीएस. टोटल एकतीस हजार आणि वर काहीतरी. स्वतःवरच खूश!

पण धान विकून पैसे हातात यायला नोव्हेंबर संपत आला. आणि तोवर रॅमनं आम्हाला गाठलं. एआयच्या डेटा सेंटर्सना प्रचंड मेमरी लागते, म्हणून कारखान्यांनी आपला माल तिकडे वळवला आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याचा आटला. पुढे डिसेंबर 2025 मध्ये तर मायक्रॉननं ‘क्रूशियल’ हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्या हिशेबात याचा अर्थ इतकाच, की सप्टेंबरात साडेतीन हजारांना सांगितलेली स्टिक आता आठ हजारांना. कुठल्या तरी डेटा सेंटरमुळे आमगावच्या फोटो स्टुडिओचं बजेट कोलमडावं, हे मला आजही पटत नाही. पण साडेचार हजार कुठून तरी काढायचे होते.

धाकट्याचं म्हणणं, एसएमपीएस साधा घेऊ. मी ठाम नाही म्हटलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पंखासुद्धा कधी धावतो, कधी रांगतो, इतका व्होल्टेजचा खेळ. स्वस्तातला एसएमपीएस एकटा जळत नाही, जाताना बोर्डालाही घेऊन जातो. आणि यूपीएसवरही तडजोड नाही. (त्यावरचा 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हे बरं का. बहुतेकांत तो 360 वॅटच्या आसपास असतो. आपल्याला फाइल सेव्ह करून नीट शटडाऊन करण्यापुरता पुरे.)

मग कॅबिनेटवर काट मारली. जुना पत्र्याचा डबा होता की! एटीएक्स हे माप 1995 पासूनचं, त्यामुळे नव्या बोर्डाचे स्क्रू वीस वर्षांपूर्वीच्या डब्यातही बरोबर बसतात. दिसायला कपाटासारखा, पुढे यूएसबी जुन्या स्पीडचं, हवा खेळायला जागा कमी. पण अडीच हजार वाचले. रॅम दोन आठच्या स्टिक्सऐवजी एकच सोळाची घेतली. जोडी लावली तर स्पीड जरा जास्त मिळतो, पण बोर्डावर स्लॉट दोनच, आणि एक पुढच्यासाठी रिकामा हवा.

उरलेले दोन हजार? आय-3 12100 च्या शेजारीच मला 12100 एफ दिसला. तोच चिप, तेच चार कोअर, किंमत अडीच हजारांनी कमी. मी आनंदानं यादीत ‘एफ’ जोडला. झालं!

धाकटा पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेला, सीताबर्डीतून सगळं घेऊन रात्री परत. दुकानदारानं बिल करताना विचारलंसुद्धा होतं, ‘कार्ड आहे ना?’ आमचे चिरंजीव म्हणाले, ‘आहे ना.’ आणि खिशातून डेबिट कार्ड काढलं.

तर ती काळी स्क्रीन. रॅम काढून परत लावली. केबल बदलली. प्रोसेसरची चार पिनांची वायर तपासली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. शेवटी मी त्याला खोका कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितला. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, की याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. इंटेलच्या या ‘एफ’चा अर्थ तोच: आतलं ग्राफिक्स बंद. बोर्डाच्या मागचं एचडीएमआय तेव्हा नुसतं शोभेचं. (एएमडीच्या रायझन 5000 मध्ये उलटं आहे. तिथे नावात ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स आहे.) खोका फोडलेला, त्यामुळे परतीचा प्रश्नच नव्हता.

‘बाबा, चूक माझी आहे,’ मी म्हटलं. गुडघा हलला. ‘पाचला दोन अल्बम द्यायचे आहेत बेटा,’ एवढंच ते बोलले आणि झोपायला गेले. मी मात्र रात्रभर जागी. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा गोंदियाला गेला. एका रिपेअरिंगवाल्याकडे भंगार मशीनमधून काढलेलं, पंखासुद्धा नसलेलं चिमुकलं ग्राफिक्स कार्ड होतं. बाराशे रुपये. गेम बिम विसराच, पण चित्र दाखवतं. दुपारी फोन आला, या वेळी फोटोसहित: कपाटासारखा डबा, शेजारी जुना मॉनिटर, त्यावर नवरा-नवरी.

संध्याकाळी बाबांचा फोन. त्यांच्यापुढे हिशेबाची डायरी होती, पानं उलटल्याचा आवाज येत होता.

‘त्या एफमुळे अडीच हजार वाचले होते ना?’

‘हो.’

‘आणि कार्डाला बाराशे गेले. म्हणजे तेराशे अजून वाचलेच की.’ मग जरा थांबून, ‘गोंदियाचं भाडं तू दे.’

दिलं. लगेच यूपीआय केलं.