शेवटच्या पानावरचा आकडा

वेबसाइट बनवणारी चार माणसं एकत्र आली की एक तक्रार हमखास निघते. ‘क्लायंट प्रपोजल वाचतच नाही रे. थेट शेवटच्या पानावर जातो, आकडा बघतो आणि म्हणतो, माझ्या मेव्हण्याचा मुलगा पंधरा हजारांत करून देतोय.’ सगळे मान डोलावतात. क्लायंट अडाणी, बाजार भिकार, कॉलेजातल्या पोरांनी रेट पाडले. चहा संपतो, बैठक उठते आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण तेच चोवीस पानी प्रपोजल नाव बदलून पुढच्या क्लायंटला पाठवतो.

माझ्या मते त्या चोवीस पानांना मिळालेला एकमेव शहाणा वाचक म्हणजे तो क्लायंट. आधीच्या तेवीस पानांत त्याच्याबद्दल काहीच नसतं. त्याच्याशी संबंध असलेली एकच गोष्ट त्या फाइलमध्ये असते, ती म्हणजे त्याच्या खिशातून जाणारे पैसे. तो नेमकी तीच वाचतो. यात अडाणीपणा कुठे आला?

ते प्रपोजल जरा डोळ्यांसमोर आणा. कव्हरवर हस्तांदोलनाचा फोटो, नाहीतर निळ्या उजेडात फिरणारी पृथ्वी. मग ‘आमच्याविषयी’: आम्ही ध्येयवेडे तरुण आहोत, आम्हाला गुणवत्तेचा ध्यास आहे. मग बाणांनी जोडलेली पाच वर्तुळं, म्हणजे आमची कार्यपद्धती. मग लोगोंचं पान: रिॲक्ट, लारावेल, वर्डप्रेस, एडब्ल्यूएस. मग वैशिष्ट्यं: मोबाइलवर नीट दिसेल, वेगाने उघडेल, सुरक्षित असेल, गूगलला सापडेल. घर बांधून देणाऱ्याने ‘दाराला कडी असेल, छप्पर गळणार नाही’ असं ठळक टायपात छापावं, तसं. मग सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. या तिघांतला गोल्ड निवडला जावा म्हणूनच बाकीचे दोन असतात, हे आता क्लायंटलाही ठाऊक झालंय. या सगळ्यात जुन्या क्लायंटचं नाव एखाद्या कोपऱ्यात राहून गेलं, तर शाळेच्या प्रपोजलात ‘आपल्या रुग्णांना’ उत्तम सेवा देण्याचं वचन निघतं. लोक यावर हसतात. मला उलट वाटतं की अख्ख्या फाइलीतली सगळ्यात प्रामाणिक जागा तीच.

हा प्रकार आपोआप झालेला नाही, तो शिकवला गेलाय. ‘विनिंग प्रपोजल’ असं शोधून पाहा. रील्स, टेम्प्लेटं, नव्व्याण्णव रुपयांचे कोर्स यांचा पूर येईल. सगळ्यांचा सल्ला जवळपास एकच: पहिल्या तासात पाठवा, क्लायंटच्या नावाने सुरुवात करा, त्याच्या ‘पेन पॉइंट’वर बोट ठेवा, शेवटी तातडी निर्माण करा. ही सगळी विद्या माणूस गळाला लावण्याची आहे. गळाला लागलेल्या माणसासोबत पुढचे सहा महिने काम करायचंय, हे त्या कोर्सात कुठे येत नाही. ‘जिंकणं’ या शब्दातच घोळ आहे. जिंकायचं म्हटलं की समोर कोणीतरी हरायला लागतो, आणि या व्यवहारात समोर क्लायंटच असतो.

एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पित, धंदा खरा. तासगावचा बेदाण्याचा व्यापारी. तासगाव बेदाण्याच्या सौद्यांसाठी प्रसिद्ध. हिरवा, पिवळा, काळा असे प्रकार. प्रत्येकाच्या प्रती वेगळ्या, दर वेगळे. माल कोल्ड स्टोरेजला पडलेला. गिऱ्हाईक परराज्यांतलं, वर्षानुवर्षांच्या ओळखीचं. हा माणूस म्हणतो, ‘वेबसाइट पाहिजे.’ दोन दिवसांत त्याच्या व्हॉट्सॲपवर तीन प्रपोजलं येतात. तिन्हींत ऑनलाइन दुकान, पेमेंट गेटवे, ब्लॉग आणि चॅटबॉट.

आता हा माणूस टनांनी माल विकतो, आणि तोही उधारीवर. दहा टन बेदाणा ‘कार्ट’मध्ये टाकून कोणी कार्ड घासणार आहे का? ब्लॉग कोण लिहिणार? चॅटबॉटशी कोण बोलणार? ज्याला भाव करायचाय तो शेठशीच बोलणार, आणि आधी पाऊसपाण्याची चौकशी करणार. पण त्या पेढीवर दोन तास बसलं तर वेगळंच काहीतरी दिसतं. दिवाणजी रात्री दहापर्यंत तेच तेच फोटो तीस जणांना पाठवतोय. काल विकलेल्या मालाची आजही विचारणा होतेय, कारण फोटो फॉरवर्ड होत फिरतोय. म्हणजे कोणता माल शिल्लक आहे एवढं सांगणारं, दिवाणजीला फोनवरून दोन मिनिटांत बदलता येईल असं एक पान हवंय. बस्स. त्यातही एक कळीचा प्रश्न आहे: दर दाखवायचा का? दाखवला तर शेजारच्या पेढीला दिसणार. नाही दाखवला तर फोन थांबणार नाहीत. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही टेम्प्लेटात नाही. पण हा प्रश्न ज्या प्रपोजलात विचारला असेल, ते प्रपोजल तो माणूस पहिल्या पानापासून वाचेल यावर मी पैज लावायला तयार आहे.

मग त्याला ते वाचता यायला हवं. इथे माझा खरा राग आहे. तासगावच्या, मालेगावच्या, लातूरच्या माणसाला आपण प्रपोजल इंग्रजीत का पाठवतो? बोलणं मराठीत झालं, भांडण मराठीत होणार, चेकवर सही मराठीत होईल, आणि मधला तो कागद तेवढा इंग्रजीत. तेही कसल्या? ‘लेव्हरेज’, ‘सिनर्जी’, ‘सीमलेस’, ‘एंड टू एंड’. लिहिणाऱ्याला या शब्दांचा अर्थ विचारला तर तोही अडखळेल. सांगितलं जातं की इंग्रजीत ‘प्रोफेशनल’ वाटतं. खरं कारण वेगळं आहे, असा माझा आरोप आहे. मराठीत लिहायला बसलं की पोकळपणा लपत नाही. ‘आम्ही आपल्या व्यवसायाचं डिजिटल रूपांतरण करू’ हे वाक्य मराठीत मोठ्याने वाचा. लगेच पुढचा प्रश्न येतो: म्हणजे काय करणार? तो प्रश्न टाळण्यासाठी इंग्रजी वापरली जाते. आणि मग तीन महिन्यांनी ‘हे तर ठरलंच नव्हतं’ आणि ‘प्रपोजलमध्ये पान अकरावर लिहिलंय की’ अशी जुंपते. लिहिलेलं असतं खरं, पण ते ठरलेलं नसतं. पुण्यातली आयटी कंपनी बंगळुरूच्या कंपनीला इंग्रजीत लिहिते, त्याला माझी काही हरकत नाही. तिथे दोन्ही बाजूंना कळतं, किंवा निदान कळत नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

ज्या गोष्टी खरंच लिहायला हव्यात, त्या मात्र या प्रपोजलांतून नेमक्या गायब असतात. उदाहरणार्थ, तयार झालेली वेबसाइट कोणाची? पैसे दिले म्हणजे आपली झाली, असं क्लायंट समजतो. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो (साहित्याच्या वाचकांनी हे हसून किंवा रडून घ्यावं). नोकरदाराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी मालकाची. पण बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी लिहिणाऱ्याची. ती द्यायची तर लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आता सांगा, ज्या प्रपोजलात पिक्सेल-परफेक्ट डिझाइनवर दीड पान आहे, त्यात याबद्दल एक ओळ का नसते?

डोमेनचं तर विचारूच नका. अनेक छोट्या धंद्यांचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याच्याच खात्यात, त्याच्याच ईमेलवर नोंदवलेलं असतं. भांडण झालं, पोरगा नोकरीला लागला किंवा नुसता फोन उचलेनासा झाला, की दुकानाची पाटी दुसऱ्याच्या घरात अडकून पडते. काहींचा तर हाच धंदा आहे. क्लायंट सोडून जाऊ नये म्हणून किल्ली आपल्याकडे ठेवायची. ‘डोमेन आणि होस्टिंग तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर, तुमच्या पैशाने घेतलं जाईल, आम्हाला कामापुरता प्रवेश द्या, काम संपलं की काढून घ्या.’ एवढं एक वाक्य वर्तुळं-बाणांच्या पानाऐवजी टाकून बघा.

पैसे कधी मिळणार हेही असंच मोघम. ‘पन्नास टक्के ॲडव्हान्स, उरलेले काम पूर्ण झाल्यावर.’ पूर्ण म्हणजे कधी? शेठच्या मुलाला रंग आवडल्यावर? फुकट राबणाऱ्या तरुणांना हे सांगायला हवं की सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार क्लायंटला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात त्याहून लांबची मुदत लिहिली तरी चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. नोंदणी फुकट आहे. पण हा हक्क बजावायचा तर काम कधी स्वीकारलं गेलं ते सिद्ध करता आलं पाहिजे, आणि ते सिद्ध होतं प्रपोजलातल्या ‘हे हे झालं की काम पूर्ण समजायचं’ या यादीने. जिंकण्याच्या मंत्रांत ही यादी बसत नाही. क्लायंट बिचकेल म्हणे.

आणि फुकटचं डिझाइन. ‘आधी होमपेज करून दाखवा, आवडलं तर काम देतो.’ हे मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर माझा राग जास्त आहे. शिंपी माप न घेता सदरा शिवून आणत नाही. त्या क्षणी क्लायंटच्या धंद्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नसतं, म्हणजे ते होमपेज अंदाजपंचेच असणार. मग निवड अंदाजपंच्यांतल्या सुबक अंदाजाची होते. पैसे मागायचेच तर मापं घेण्याचे मागा. दोन दिवस पेढीवर बसू, तीन पानी टिपण देऊ, त्याचे अमुक हजार. टिपण तुमचं, काम कोणालाही द्या. जो माणूस यालाही नाही म्हणतो, तो पुढे पाचव्या दुरुस्तीचे पैसे देईल असं तुम्हाला का वाटतं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘बोलायला सोपं आहे, पण शेवटी आकडाच जिंकतो.’ सरकारी निविदांत बहुतेक वेळा जिंकतो, मान्य. पात्रता पार केली की सर्वात कमी बोलीवाला, ज्याला एल-वन म्हणतात, काम घेऊन जातो. पण काम मिळणं आणि काम होणं यांत किती अंतर असतं, ते आयकराच्या नव्या पोर्टलने सगळ्या देशाला दाखवलं. ७ जून २०२१ ला ते सुरू झालं, दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांना जाहीरपणे इन्फोसिसला जाब विचारावा लागला आणि ऑगस्टमध्ये कंपनीच्या सीईओंना बोलावून घ्यावं लागलं. इतक्या मोठ्या कंपनीला ते निभावता आलं. तुमच्या दोन माणसांच्या ऑफिसला तेवढा एक ऑगस्ट पुरेल. शिवाय तासगावचा व्यापारी म्हणजे सरकार नव्हे. तो रोज मालाची प्रत बघून दर देतो. स्वस्त आणि चांगलं यांतला फरक त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. फक्त तुमच्या मालात प्रत दिसेल असं काहीतरी त्याच्यासमोर ठेवा.

दुसरं उत्तर वेळेचं. ‘महिन्याला चाळीस प्रपोजलं पाठवावी लागतात, प्रत्येकाच्या पेढीवर जाऊन कसं बसणार?’ चाळीस पाठवू नका. अपवर्कसारख्या ठिकाणी तर आता बोली लावायलाच पैसे पडतात. एक ‘कनेक्ट’ पंधरा सेंटचा, आणि एका बोलीला कित्येक लागतात. म्हणजे लॉटरीची तिकिटं घेतल्यासारखं झालं, आणि लॉटरीत नेमाने कमावतो तो तिकीट विकणारा. त्यात गेल्या दोन-तीन वर्षांत एक मजा झाली आहे. पाठवणारा चॅटजीपीटीकडून चार ओळींची चोवीस पानं करून घेतो. मिळवणारा तीच चोवीस पानं चॅटजीपीटीला देऊन म्हणतो, चार ओळींत सांग. एका टोकाला फुगवायचं, दुसऱ्या टोकाला पिळायचं. मधल्या मध्ये आकडा तेवढा जसाच्या तसा पोहोचतो.

बेदाण्याच्या त्या पेढीसाठी मी लिहिलं असतं ते दीड पानात बसतं. ‘सोमवारी दोन तास आम्ही तुमच्याकडे बसलो. दिवाणजी एका तासात एकोणीस वेळा तेच फोटो पाठवताना दिसले. आम्ही शिल्लक मालाचं एक पान करून देऊ. दिवाणजी ते स्वतःच्या फोनवरून बदलतील; त्यांना शिकवायला दोनदा येऊ. दर दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, दोन्ही सोयी ठेवू. ऑनलाइन पैसे घेण्याची सोय करणार नाही, तुम्हाला ती लागत नाही. फोटो तुमचे तुम्ही काढायचे. चार आठवडे लागतील. फोटो उशिरा आले तर तेवढे जास्त. डोमेन तुमच्या नावावर. पैसे पूर्ण मिळाले की कोडचे सगळे हक्क कायमचे आणि जगभरासाठी तुमचे, तसं सहीनिशी लिहून देऊ. पान सुरू होऊन दिवाणजींनी सलग सात दिवस आमच्या मदतीशिवाय चालवलं की काम पूर्ण समजायचं.’ आणि खाली आकडा. मेव्हण्याच्या मुलाच्या पंधरा हजारांपेक्षा तो बराच मोठा असेल, आणि शेठ त्यावर घासाघीस करणारच, तो व्यापारी आहे. मग वरचं एकेक वाक्य दाखवून विचारायचं: यातलं काय काढू?