कोकणाला भूत आहे, भविष्याचं काय?

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

एक सोपा प्रयोग करून बघा. हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीत जा आणि विचारा, "कोकणातला एक भन्नाट सिनेमा सांग." उत्तरं धडाधड येतील. 'तुंबाड', 'मुंज्या', 'दशावतार'! मग दुसरा प्रश्न टाका, "जयंत नारळीकरांच्या कथेवरचा एक सिनेमा सांग." आमच्या खोलीत हा प्रश्न विचारला तेव्हा सहा जणांपैकी एकालाही नाव सांगता आलं नाही. एकाने तर उलट मलाच विचारलं, "व्हायवाला येणारे का हे?"

विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी आनंदाची बातमी. अद्भुतकथेला आपल्याकडे हल्ली चांगले दिवस आले आहेत. राही अनिल बर्वेचा 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा थिएटरं काही भरली नव्हती. तोच सिनेमा सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. त्याच वर्षी जूनमध्ये आदित्य सरपोतदारच्या 'मुंज्या'ने शंभर कोटींचा आकडा ओलांडला. हा तोच दिग्दर्शक, ज्याने २०२२ मध्ये 'झोंबिवली' काढून डोंबिवलीत झोंबी सोडले होते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकरचा 'दशावतार' आला. दिलीप प्रभावळकरांचं ते वय आणि तो अवतार बघून आमच्या बॅचची मुलं दोन-दोनदा थिएटरात गेली. 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूवर वाढलेल्या मराठी माणसाला यापेक्षा अजून काय पाहिजे?

आता जरा बारकाईने बघूया. तुंबाड हे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं खरंखुरं गाव. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' ही कादंबरी तिथलीच. सिनेमाने त्या कादंबरीचं फक्त नाव घेतलं, कथेची प्रेरणा मात्र नारायण धारपांची. म्हणजे दोन्ही बाजूंनी माल अस्सल मराठी. मुंज्या तर आपल्या प्रत्येकाच्या आजीच्या ओळखीचा, पिंपळावर राहणारा. पण 'तुंबाड' आणि 'मुंज्या' हे दोन्ही सिनेमे हिंदी! आमची भुतंसुद्धा आता हिंदी बोलायला लागली, असं आमचे एक काका म्हणतात. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. भाषा ओलांडून गोष्ट गेली तर चांगलंच आहे. मला खटकतं ते वेगळंच.

आमचं घर आरे-वारेच्या अलीकडे, एका वाडीत आहे. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गेला असाल तर आरे-वारे तुम्ही पाहिलंच असेल. डोंगराला वळसा घालत रस्ता जातो, खाली समुद्र, सुरूची झाडं, आणि मधल्या डोंगराच्या दोन बाजूंना दोन किनारे. हल्ली ड्रोन घेऊन आलेली माणसं तिथे जास्त दिसतात आणि गाववाले कमी. कॉलेजात मी कुठला हे सांगितलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "वॉव, काय भारी स्पॉट आहे!" आणि दोन, "तुमच्याकडे भुतं खरंच असतात का रे?"

म्हणजे बाहेरच्यांना आमचं गाव एकतर देखावा म्हणून माहीत, नाहीतर भुताटकी म्हणून. मराठीत 'भूत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक पिशाच्च आणि दुसरा होऊन गेलेला काळ. पडद्यावर कोकणाच्या वाट्याला दोन्ही आले. वाडा, विहीर, पिंपळ, पाऊस, शाप... सगळं मागचं. पुढचं काय? पन्नास वर्षांनंतर आरे-वारेला कोण राहत असेल, ते काय खात असतील, हा रस्ता तरी जागेवर असेल का, याची गोष्ट कोण सांगणार?

ही गोष्ट सांगणं ज्याचं काम आहे त्या साहित्याला विज्ञानकथा म्हणतात. आणि ती मराठीत नाही असं अजिबात नाही. मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते कुणी नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णू नारळीकर! परीक्षकांवर नावाचं दडपण येऊ नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने बक्षिसासाठी असं रांगेत उभं राहावं, ही मला त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठी गोष्ट वाटते. त्यांच्या आधी भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स मराठीत आणले होते. नंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी मोठी फळी उभी राहिली. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून नारळीकरांची निवड झाली. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर त्यांचा फोटो होता. चोवीस तासांनी स्टेटस गेलं. पुस्तकं आमच्या लायब्ररीच्या मराठी कपाटात आहेत तिथेच राहिली.

आता कुणी म्हणेल, विज्ञानकथा बोअर असते. खरं सांगायचं तर काही वेळा असतेच! आपल्याकडच्या बऱ्याच विज्ञानकथांत एक प्रोफेसर असतो आणि त्याला काही न कळणारा एक पुतण्या किंवा पत्रकार असतो. मग दोन पानं नुसतं लेक्चर. लेक्चर ऐकायचं तर आपण वर्गात बसलो असतो ना? पण नारळीकरांच्या चांगल्या कथा आठवा. 'हिमप्रलय'मध्ये बर्फ पडतं ते न्यूयॉर्कला नाही, आपल्या मुंबईत. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतो जिथे १७६१ ची लढाई मराठे जिंकलेले असतात. (सीबीएसईवाल्यांना ही गोष्ट अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात होती, त्यांनी ती परीक्षेपुरती वाचली असेल.) या कथांची खरी ताकद त्यातल्या भौतिकशास्त्रात नाही. आपल्या ओळखीच्या जागी अनोळखी घडतं, ही ती ताकद. धारपांची भीती जशी आपल्याच माजघरात येऊन बसते, तसंच नारळीकरांचं भविष्य आपल्याच स्टेशनवर उतरतं. अडचण एवढीच की ते उतरलं मुंबई-पुण्याला. पुढची एसटी पकडून ते आमच्याकडे आलंच नाही!

दुसरा आक्षेप असतो बजेटचा. "आपल्याला कुठे परवडतंय हॉलिवूड?" मल्याळम सिनेमाचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये 'लोका'चा पहिला भाग आला. त्यात त्यांनी काय केलं? नीली नावाच्या जुन्या यक्षिणीची लोककथा घेतली आणि तिला थेट आजच्या बंगळुरात आणून सोडलं. यक्षीण सुपरहिरो झाली आणि सिनेमा तीनशे कोटींच्या घरात गेला. भूतच होतं, पण त्यांनी त्याला वर्तमानात आणलं. आपल्याकडे 'दशावतार'ने याच दिशेने पाऊल टाकलं, असं मला वाटतं. त्यात जुनी कला आहे, पण प्रश्न जंगलाचा आणि खाणीचा, म्हणजे आजचा आहे. म्हणूनच तो मला या तिघांत जास्त जवळचा वाटतो.

आणि ट्रिकचं म्हणाल तर ती आमच्या रक्तात आहे हो! दशावतार तिकडे सिंधुदुर्गातला, आमच्याकडे रत्नागिरीत नमन-खेळे आणि जाखडी. शिमग्यात संकासूर येतो, काळा पोशाख, उंच टोपी, पोरं पळून पळून दमतात. आणि नमनाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत काय छापलेलं असतं? 'ट्रिकसीनयुक्त'! गावातला वायरमन, एक जुनी मोटार, थर्माकोल, धूर आणि दोन रंगीत दिवे एवढ्यावर स्टेजवर देव प्रकट होतो आणि राक्षस गुप्त होतो. प्रेक्षक सकाळपर्यंत हलत नाही. ज्या प्रेक्षकाला रात्री दोन वाजता थर्माकोलचा रथ उडताना चालतो, त्याला विज्ञानकथा झेपणार नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

विषयांचा तर नुसता खजिना पडलाय. आमच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वी जांभ्यात कोरलेली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. रत्नागिरी तालुक्यातली उक्षी आणि जांभरुण, राजापूरकडची कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, अशी ही ठिकाणं. त्यात हत्ती आहेत, गेंडा आहे. आज कोकणात गेंडा कुठाय? म्हणजे कोरणाऱ्याने एक वेगळंच कोकण पाहिलं होतं. देवाचे गोठणेला तर त्या सड्यावर होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते. असं ठिकाण हॉलिवूडवाल्यांच्या हाती लागतं तर आत्तापर्यंत सात भाग आले असते!

आणि फार मागे तरी कशाला जायचं? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्यात बुडालं. तौक्तेच्या वेळी आमच्या वाडीत लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती आणि आजी शांतपणे म्हणत होती, "समुद्राचा आवाज बदललाय रे." विज्ञानकथेचं याहून चांगलं पहिलं वाक्य मी तरी वाचलेलं नाही. पण यातल्या कशाचीच गोष्ट झाली नाही. बातमी झाली, पंचनामा झाला, विषय संपला.

तुम्ही म्हणाल, गोष्टी लिहून वादळ थांबणार आहे का? नाही थांबणार. पण एक लक्षात घ्या. आर्थर क्लार्कने १९४५ साली भूस्थिर उपग्रहांची कल्पना मांडली तेव्हा आकाशात एकही उपग्रह नव्हता. आधी कुणीतरी चित्र डोळ्यांसमोर आणतं, मग इंजिनिअर त्याच्या मागे लागतो. आता आमच्या वाडीचं चित्र बघा. पोरगं शिकलं की मुंबई, पुणे किंवा बंगळुरू, हे जन्मतःच ठरलेलं. दरवर्षी एखादं घर बंद होतं, मे महिन्यात आणि गणपतीला उघडतं, आणि काही वर्षांनी तेही नाही. बंद घर दिसलं की लोक म्हणतात, "तिथे काहीतरी आहे." आमच्याकडची भुतं पिंपळावरून येतात की बंद दारातून, याचा विचार करायला हवा. ज्या गावाच्या भविष्याची गोष्टच कुणी सांगत नाही, त्या गावात राहण्याचा विचार तरी कुणाच्या डोक्यात कसा येणार? मी स्थापत्यचा विद्यार्थी. किनाऱ्यावरचा रस्ता, पूल, धूप, भरतीरेषा हे सगळं आम्हाला शिकवतात, पण उदाहरणं नेदरलँड्सची. आरे-वारेचा रस्ता शंभर वर्षांनी कुठून जाईल, हा प्रश्न अजून एकाही पेपरात आलेला नाही.

माझ्या रूममेटने मध्यंतरी एआयला सांगितलं, "पन्नास वर्षांनंतरच्या आरे-वारेचं चित्र काढ." पाच सेकंदांत चित्र आलं. काचेचे उंच टॉवर, उडत्या गाड्या, निळे-जांभळे दिवे. सुरू नाही, होडी नाही, माणूस तर औषधालाही नाही. यंत्राचा दोष नाही, त्याला आपण काही दिलेलंच नाही तर ते तरी कुठून आणणार? दुसऱ्याने लिहिलेलं भविष्य आपल्या गावावर चिकटवलं की असंच दिसणार.

आरे-वारेच्या पुढे थोड्याच अंतरावर मालगुंड आहे, केशवसुतांचं जन्मगाव. मराठी कवितेला नव्याची वाट दाखवणारा माणूस आमच्याच पट्ट्यात जन्मला. तेव्हा "आमच्या मातीत नवं उगवत नाही" ही सबब तरी चालायची नाही.

तेव्हा संपादक मंडळाला एक जाहीर विनंती. पुढच्या अंकासाठी मराठी विभागाने विज्ञानकथा स्पर्धा घ्यावी. विषय एकच, '२०७५ सालचं माझं गाव'. अटी फक्त तीन. गावाचं नाव खरं हवं. प्रोफेसरचं लेक्चर नको. आणि शेवटी सगळे गाव सोडून गेले, असा शेवट चालणार नाही, कारण तो आम्हाला आधीच माहीत आहे. बक्षीस म्हणून कॅन्टीनची मिसळ दिलीत तरी पुरे. टोपणनाव घ्यायची मुभा ठेवा. आणि सबमिशनच्या आठवड्यात शेवटची तारीख ठेवू नका, नाहीतर भविष्य पुन्हा एकदा केटीत जाईल!