अँटिबायोटिक, जुलाब आणि दह्याची वाटी

मुलाचा कान दुखतो म्हणून डॉक्टर अँटिबायोटिक देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पण संडासला पातळ होऊ लागते. मग "औषध पोटाला मानवलं नाही" म्हणून घरात बाटली कपाटात ठेवून दिली जाते. शाळेत भेटणाऱ्या अम्मींकडून हे मी दर पावसाळ्यात ऐकते.

आपल्या आतड्यांत असंख्य उपयोगी जिवाणू राहतात. ते अन्न पचवायला मदत करतात आणि रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. अँटिबायोटिक कानातला जंतू मारते, तसे यांनाही मारते. ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्लाच्या जोडगोळीने तर पोट सैल होण्याची शक्यता जास्त असते. सौम्य जुलाब औषध संपल्यावर बहुधा आपोआप थांबतात. म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये.

मग प्रोबायोटिकचा उपयोग होतो का? होतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. 2019 साली कॉक्रेन या संस्थेने लहान मुलांवरचे 33 अभ्यास एकत्र तपासले. प्रोबायोटिक न घेतलेल्या शंभरातल्या सुमारे 19 मुलांना जुलाब झाले, घेतलेल्यांपैकी सुमारे 8 जणांना. म्हणजे बहुसंख्य मुलांना काहीही न देता त्रास होतच नाही. ज्याचे पोट दर वेळी बिघडते, त्याच्यासाठी मात्र डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारावे. जुलाब सुरू होण्याची वाट पाहू नये.

सगळी प्रोबायोटिक सारखी नसतात. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हा जिवाणू आणि सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट यांचा पुरावा त्यातल्या त्यात चांगला आहे. यीस्टवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. जिवाणूंचे प्रोबायोटिक मात्र अँटिबायोटिकनंतर दोन तासांनी द्यावे, नाहीतर तेही मरायचे. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल मनात शंका असेल तर दुकानदाराकडे पुडी मागा, पुड्याही मिळतात.

आता आपले घरचे दही. दहीभात जरूर द्या, पोटाला हलका असतो. पण घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत आणि किती, हे कुणी मोजलेले नसते, म्हणून ते औषधाची जागा घेत नाही. आणि एक गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते: डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर गोळीबरोबर दूध-दही घेऊ नये. त्यातले कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि औषध अंगी लागत नाही. दोघांत किती तासांचे अंतर ठेवायचे ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

अपुऱ्या दिवसांचे बाळ, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण किंवा ज्याची प्रतिकारशक्ती फारच कमी झाली आहे अशा माणसाला प्रोबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नका. त्यांच्या रक्तात हेच जंतू शिरून गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत.

जुलाब लागलेच तर पाणी तोडू नका. आजही काही घरांत तोडतात! ओआरएसची पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवून, घोट घोट पाजत राहा. अंगावरचे दूधही चालू ठेवा. शौचात रक्त दिसले, पोटात जोराची कळ आली, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले, तर लगेच दवाखाना गाठा. असे जुलाब कधी कधी औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही सुरू होतात. तेव्हा आधी कोणते अँटिबायोटिक झाले ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, जुनी चिठ्ठी बरोबर न्या.