घरसंसार : फ्रीज गार होईना, तर आधी हे बघा

मे महिना आला की भगिनींची एकच तक्रार असते. फ्रीज चालू आहे, आवाजही करतो, पण दूध नासते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. टिनाच्या घरात भिंतही चटका देते. फ्रीज आतली उष्णता ओढतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. जाळीच भिंतीला चिकटली असेल, तर ती उष्णता जाणार कुठे? चार-सहा इंच जागा सोडावी. नव्या फ्रीजमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याआड असते, तेव्हा बाजू गरम लागल्या तर घाबरू नये.

मागच्या उन्हाळ्यात आमचाच फ्रीज बसला. मेकॅनिक आला, लांबूनच पाहून म्हणाला, "गॅस गेला, अडीच हजार लागतील." महिनाअखेर होती, आम्ही दोन दिवस मागून घेतले. प्लग काढून फ्रीज पुढे ओढला, तर जाळीवर कापसाच्या तंतूंची गोधडीच! भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेल्या कापसाचा तो प्रताप. कोरड्या ब्रशने जाळी झाडली. दुसऱ्या दिवशी पाणी गार! वणीकडे खाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी कोळशाच्या धुळीसाठी हेच करावे.

जाळी स्वच्छ आहे, मशीन चालते आहे आणि तरी जाळी जराही कोमट लागत नाही, तेव्हा गॅसचा संशय घ्यावा. मग मेकॅनिकला आधी गळती शोधायला सांगावे. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस पुन्हा जातो. बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये आर-६०० ए हा पेट घेणारा गॅस असतो. काम चालू असताना चूल, शेगडी बंद आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

दारात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज सरकली तर रबर सैल किंवा चिकट झाले आहे. आधी साबणाच्या कोमट पाण्याने पुसून पाहावे. बर्फ मात्र सुरीने कधीच खरवडू नये. आतली नळी पातळ असते, एक टोचा आणि गॅस खरोखरच जातो!

लाईन येऊन-जाऊन करत असेल तर प्लग काढावा आणि लाईन टिकल्यावर पाच मिनिटांनी लावावा. दाराला झिणझिणी लागली तर फ्रीज त्याच क्षणी मेन स्वीचवरून बंद करावा. तिसरी पिन तोडून दोन पिनांवर चालवणारे आम्ही पाहिले आहेत. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या बाईच्या जिवाशी तो खेळ आहे. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

ज्यांच्या घरी आजी-आजोबांचे इन्सुलिन आहे, त्यांना तर फ्रीज बिघडून चालतच नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. बर्फाच्या कप्प्याजवळ ती गोठते, आणि एकदा गोठलेले औषध वितळले तरी वापरू नये. लाईन बराच वेळ गेली तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लहान मडक्यात ठेवावी, ते मडके पाणी घातलेल्या मोठ्या मातीच्या भांड्यात ठेवून वर ओले फडके टाकावे आणि सावलीत, हवेशीर जागी ठेवावे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात हा उपाय चांगला लागू पडतो. पण असे किती दिवस चालेल, ते डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे.