काळी पट्टी, परका मृत आणि वर्ध्याचे उत्तर (थ्रेड)

१/ परदेशातील एखाद्या थोर व्यक्तीच्या निधनानंतर भारतीय संघ मैदानावर मिनिटभर स्तब्ध उभा राहिला, की दोन ठरावीक मते ऐकू येतात. पहिले : परक्यासाठी आपल्या संघाने शोक का पाळावा? दुसरे : हा निव्वळ शिष्टाचार आहे, त्यात राजकारण पाहू नये. ही दोन्ही मते पोकळ आहेत. त्यांचा पोकळपणा वर्धा जिल्ह्यात १९४० सालीच उघड झाला होता.

२/ त्या वर्षी शेगावचे नाव सेवाग्राम झाले. (विदर्भातल्या दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध शेगावशी टपालाचा घोळ होत असे, हे त्यामागचे साधे कारण.) १७ ऑक्टोबर रोजी सेवाग्रामजवळच्या पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह आरंभला. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. महिनाअखेरीस जवाहरलाल नेहरू आणि नोव्हेंबरमध्ये वल्लभभाई पटेल कैदेत गेले.

३/ इकडे मुंबईत पंचरंगी क्रिकेट सामन्यांची तयारी चालू होती. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि ‘इतर’ असे धर्म व वंश यांवर बेतलेले पाच संघ, आणि ते पाहण्यास लोटणारी प्रचंड गर्दी. नेते तुरुंगात असताना हा उत्सव व्हावा का, असा प्रश्न उठला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींचे मत विचारण्यासाठी वर्ध्यास आले.

४/ गांधीजींनी दिलेले निवेदन आज पुन्हा वाचण्याजोगे आहे. सत्याग्रहींच्या अटकेबद्दल दुःख म्हणून सामने थांबवावेत, या चळवळीचे त्यांनी स्वागत केले. मात्र ती दृष्टी संकुचित आहे, हेही सांगितले. त्यांचे मुख्य कारण वेगळे होते. युरोपचे स्थिर जीवन आणि संस्कृती नष्ट करू पाहणाऱ्या, आशियावरही कोसळू पाहणाऱ्या युद्धाबद्दल साऱ्या विचारी मानवजातीने शोकात असावे. अशा वेळी करमणूक शोभत नाही, असा त्यांचा आशय होता.

५/ येथे थांबून विचार करणे अगत्याचे आहे. पॅरिस जूनमध्ये पडले होते. सप्टेंबरपासून लंडनवर बाँब पडत होते. ज्या सत्तेने विनोबांना आणि नेहरूंना कोंडले, तिच्याच राजधानीतील माणसे रात्री मरत होती. गांधीजी त्या सत्तेविरुद्ध माणसे तुरुंगात पाठवीत होते आणि त्याच वेळी त्या मृतांसाठी मुंबईचे मैदान रिकामे राहावे असे म्हणत होते. शत्रूची सत्ता आणि परकी माणसे यांत त्यांनी गल्लत केली नाही. ‘परक्यासाठी शोक का?’ असे विचारणाऱ्यांनी आधी या निवेदनाला उत्तर द्यावे.

६/ त्याच निवेदनात त्यांनी मुंबईच्या क्रीडाप्रेमींना आणखी एक गोष्ट सुचवली : धर्मावर आधारलेले संघ आपल्या क्रीडासंहितेतून काढून टाकावेत. महाविद्यालये व संस्था यांचे सामने त्यांना समजत होते, हिंदू-मुसलमान-पारशी असे अकरा-अकरा जण नव्हेत. शोकाचा प्रश्न विचारावयास गेलेल्या मंडळींना आपल्या खेळाच्या पायाविषयीच उत्तर मिळाले. हे निवेदन निव्वळ शिष्टाचार खचितच नव्हते.

७/ आता दुसऱ्या मताकडे. ५ डिसेंबर २०१३ रोजी भारतीय संघ जोहान्सबर्गमध्ये एकदिवसीय सामना खेळला आणि त्याच रात्री, त्याच शहरात नेल्सन मंडेला यांचे निधन झाले. ८ डिसेंबरला डर्बनच्या सामन्यापूर्वी दोन्ही संघ स्तब्ध उभे राहिले. भारत सरकारने पाच दिवसांचा दुखवटा जाहीर केला होता. हे योग्यच झाले. पण मंडेलांना भारतीय खेळाडूंनी वाहिलेली सर्वांत मोठी आदरांजली ती नव्हे.

८/ ती १९७४ सालची आहे. मंडेला तेव्हा रॉबेन बेटावरच्या तुरुंगात होते. अमृतराज बंधूंच्या भारतीय टेनिस संघाने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत धडक मारली. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळण्यास नकार दिला आणि वर्णभेदी राष्ट्राला चषक न खेळता मिळाला. भारताला डेव्हिस चषक आजतागायत जिंकता आलेला नाही. हा निर्णय सरकारी धोरणाचा होता, त्याची किंमत मात्र खेळाडूंच्या तारुण्याने चुकवली. डर्बनच्या त्या एका मिनिटाला जे वजन आहे, ते या त्यागामुळे आहे.

९/ याउलट सप्टेंबर २०२२. राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्या निधनानंतर दोन दिवसांनी भारतीय महिला संघ चेस्टर-ली-स्ट्रीट येथे खेळला, सामन्याआधी मौन पाळले गेले. यजमानांच्या घरी सुतक असताना पाहुण्याने मान खाली घालावी, यात गैर काहीच नाही. पण त्यास इतिहासाशी समेट वगैरे म्हणणे हा अतिरेक होय. राजमुकुटासाठी पाळलेल्या मौनाने कोणाचे काहीच गेले नाही.

१०/ किंमत मोजणारा शोक कसा असतो, हे १० फेब्रुवारी २००३ रोजी हरारेने पाहिले. विश्वचषकात झिंबाब्वेचे हेन्री ओलोंगा आणि अँडी फ्लॉवर आपल्या देशातील लोकशाहीच्या मृत्यूबद्दल काळी पट्टी बांधून उतरले. त्या स्पर्धेबरोबर दोघांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली; ओलोंगाला देश सोडावा लागला.

११/ आणि डिसेंबर २०२३ मध्ये पर्थ कसोटीत उस्मान ख्वाजाने काळी पट्टी बांधली, तेव्हा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याला समज दिली, कारण पूर्वपरवानगी घेतली नव्हती. ती व्यक्तिगत दुःखासाठी होती, असे त्याने सांगितले. आदल्याच दिवसांत गाझाविषयीची वाक्ये लिहिलेले बूट घालण्यास त्याला मनाई झाली होती. म्हणजे वॉर्नसाठी २०२२ साली मोहालीत दोन्ही संघ दंडावर पट्टी बांधून खेळतात तो शिष्टाचार, आणि खेळाडूने स्वतः निवडलेला शोक मात्र नियमभंग! शोकाला परवानगी देणारे मंडळ असेल, तर नाकारलेली प्रत्येक परवानगी हीच एक राजकीय भूमिका ठरते. ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, की पाहायचे नसते?

१२/ वर्ध्याहून परतल्यावर हिंदू जिमखान्यात तीव्र वाद झाले आणि १९४० च्या स्पर्धेतून हिंदू संघाने माघार घेतली. स्पर्धा त्यांच्याविना झाली, मुसलमान संघ विजयी ठरला. पुढच्याच वर्षी हिंदू संघ परत आला, प्रेक्षकही आले. धर्मावर बेतलेली ही स्पर्धा बंद होण्यास १९४६ साल उजाडावे लागले.