‘पैसे भरले आहेत!’

२०२५ सालच्या जून महिन्यांत, मृगाच्या सरी वसईच्या वाड्यांवर कोसळत असतां, आमच्या परिचयाचें एक कुटुंब बालीच्या सहलीची तयारी करीत होतें. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडें, अशीं सहा माणसें. ता. १७ रोजीं इंडोनेशियांतील फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी लाकी-लाकी हा ज्वालामुखी उसळला आणि राखेचा स्तंभ दहा किलोमीटरांहून अधिक उंच चढला. दुसऱ्या दिवशीं दिल्लीहून बालीस निघालेलें एअर इंडियाचें विमान वाटेंतूनच माघारीं फिरलें. या कुटुंबास निघावयाला अद्याप दहा-बारा दिवस अवकाश होता, म्हणून आम्हीं कर्त्या पुरुषास विचारलें, “आतां बेत पुढें ढकलणार ना?” त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें, “तें कसें जमेल? पैसे भरले आहेत!”

हें उत्तर एकट्या त्या गृहस्थांचें असतें तर लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु नायगांवपासून विरारपर्यंत ज्या घरांत आज परदेशची सहल ठरते, त्यांपैकीं पुष्कळ घरांचा हाच न्याय होऊन बसला आहे. भरलेला पैसा बुडेल या भीतीनें त्याहून मोलाची वस्तु पणास लावावयाची आणि त्यास धैर्य म्हणावयाचें, असा हा न्याय. आमच्या मतें हें धैर्य नव्हे. हा चुकलेला हिशेब आहे. पुढचें पाऊल टाकतांना विचार पुढील वाटेचा करावयाचा असतो, मागील पावतीचा नव्हे.

या पक्षाचा पहिला युक्तिवाद अंतराचा. लेवोतोबी बालीपासून सुमारें आठशें किलोमीटर दूर. त्याची झळ तेथवर कशी लागणार? झळ लागत नाहीं हें खरें. पण बालीस आपण विमानानें जातों, आणि ज्वालामुखीची राख म्हणजे चुलींतील मऊ राख नव्हे. ती खडकाची आणि काचेची बारीक पूड असते. इंजिनाच्या धगीनें ती वितळते, आंतील पात्यांवर थिजून बसते आणि हवेची वाट कोंडते. ती कोरडी असल्यामुळें पावसाचे ढग दाखविणाऱ्या विमानांतील रडारवर उमटत नाहीं. ता. २४ जून १९८२ च्या रात्रीं लंडनहून मुंबईमार्गें ऑकलंडकडे जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाचीं चारहि इंजिनें जावा बेटाजवळ, गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेंत, बंद पडलीं. विमानांत २६३ माणसें होतीं. तें बरेंच खालीं आल्यावर इंजिनें पुन्हां चालूं झालीं आणि सर्वजण जकार्तास सुखरूप उतरले.

आज राखेची वार्ता येतांच विमानें रद्द होतात, हें त्या रात्रीच्या शिकवणुकीचें फळ आहे. म्हणजे आकाशांतील धोका पुष्कळ कमी झाला. पण अडकून पडण्याचा धोका प्रवाशाच्या पदरीं राहिलाच. बालीवरचाच आगुंग २०१७ च्या नोव्हेंबरांत उसळला, तेव्हां तेथील विमानतळ जवळजवळ तीन दिवस बंद राहिला आणि हजारों प्रवासी बेटावर खोळंबले. तरुण जोडप्यास ही गंमत वाटेल. मोजक्या गोळ्या घेऊन गेलेल्या वृद्धास ती गंमत नव्हे.

दुसरा युक्तिवाद अनुभवाचा: “आमचे शेजारी जाऊन आले, त्यांस कांहीं झालें नाहीं.” यावर इतिहासांतील एक सहल सांगतों. १८८३ च्या मे महिन्यांत क्राकाताऊ जागा झाला. आठवड्याभरांतच बाताव्हियाहून एक आगबोट ८६ हौशी प्रवाशांस घेऊन तो पाहावयास गेली. प्रवासी बेटावर उतरले, धुमसणारें मुख पाहून आले, छायाचित्रेंहि निघालीं. त्यांस कांहीं झालें नाहीं. तीनच महिन्यांनीं, ता. २७ ऑगस्ट रोजीं, त्या बेटाचा मोठा भाग नाहींसा झाला आणि समुद्राच्या लाटांनीं सुंदाच्या सामुद्रधुनीचे दोन्ही किनारे धुऊन नेले; मृतांची संख्या ३६ हजारांहून अधिक झाली. ही फार जुनी गोष्ट वाटत असेल, तर न्यूझीलंडमधील व्हाकारी बेट घ्या. २०१९ च्या नोव्हेंबरांत त्याच्या इशाऱ्याची पायरी वाढविली होती. सहली चालूंच राहिल्या. ता. ९ डिसेंबर रोजीं बेटावर असलेल्या ४७ माणसांपैकीं २२ दगावलीं. त्यांच्या आधीं जाऊन आलेले असंख्य लोकहि ‘कांहीं झालें नाहीं’ असेंच सांगत असतील.

तिसरा युक्तिवाद मात्र आदरानें ऐकण्यासारखा आहे. बालीच्या कितीएक कुटुंबांची चूल प्रवाशांवर पेटते. भिऊन सर्वांनीं पाठ फिरविली तर निखाऱ्याविनाच त्यांचें घर जळेल. हें आम्ही मान्य करतों. २०१७ मध्यें आगुंगच्या उतारावरून एक लाखाहून अधिक माणसें घरें सोडून छावण्यांत गेलीं. त्याच वेळीं बेटाचा दक्षिण किनारा धोक्याच्या वर्तुळाबाहेर असूनहि ओस पडला. असली आंधळी भीतीहि आम्हांस मान्य नाहीं. परंतु यजमानाविषयीं खरा कळवळा असेल, तर सहल रद्द न करतां दोन-तीन महिन्यांनीं जावें. पैसा त्याच्याच घरीं पोंचेल. आणि ज्या प्रवाशाच्या मुखीं ‘पैसे भरले आहेत’ हेंच आलें, त्यानें यजमानाच्या पोटाची सबब पुढें करूं नये. ता. १० जुलै २०१८ रोजीं नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखालीं गेले, तेव्हां कोणी केवळ मौज पाहण्यास आमच्या गांवीं उतरता, तर आपण त्याचें स्वागत केलें असतें काय?

शहाणपण शिकावयास दूर जावें लागत नाहीं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहा. समोर बेट, बेटावर किल्ला, मध्यें हांकेच्या अंतराचें पाणी. तरी पावसाळा तोंडाशीं आला म्हणजे कोळी आपल्या होड्या वाळूवर ओढून शाकारतात. होडीवर कर्ज नसतें असें नाहीं, घरांत खाणारीं तोंडें नसतात असेंहि नाहीं. त्यांचेहि पैसे होडींत भरलेलेच असतात! पण दर्या खवळलेला असतां पावती दाखवून तो शांत होत नाहीं, हें ते जाणतात. आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कळ काढतात. ज्याचें पोट समुद्रावर, तो थांबूं शकतो. मग ज्याची केवळ सुटी समुद्रावर, त्यास कां थांबतां येऊं नये?

सहली विकणारांसहि चार शब्द सांगणें प्राप्त आहे. ‘सर्व सुरळीत आहे’ हें वाक्य बोलावयास खर्च लागत नाहीं. पैसे घेण्यापूर्वीं त्यांनीं लेखी सांगावें: उद्रेक झाल्यास तारीख बदलून मिळेल काय, अडकल्यास राहण्याचा खर्च कोणाचा? आणि गृहस्थांनीं हें विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत. उद्रेकाची वार्ता जाहीर झाल्यावर घेतलेला विमा सामान्यतः त्याच उद्रेकापुरता निरुपयोगी ठरतो, म्हणून तो आधींच घ्यावा. इंडोनेशियाचें सरकार प्रत्येक ज्वालामुखीस एक ते चार अशी धोक्याची पायरी देतें व निषिद्ध वर्तुळ आंखतें. ऑस्ट्रेलियांतील डार्विन येथील केंद्र राखेचा मार्ग कळवितें. हें सारें कोणासहि वाचावयास मिळतें. हॉटेलांतील न्याहारीची चौकशी करणाऱ्या घरानें एवढी चौकशी अवश्य करावी.

तें कुटुंब अखेर गेलें. परतीच्या दिवशीं, ता. ७ जुलै रोजीं, लेवोतोबी पुन्हां उसळला. राख सुमारें अठरा किलोमीटर चढली आणि त्यांचें विमान रद्द झालें. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. मुलगा परक्या शहरांत औषधाच्या दुकानामागून दुकान हिंडला. दोन दिवसांनीं सर्वजण वसईस सुखरूप पोंचलीं, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. आतां ते गृहस्थ भेटले म्हणजे सांगतात, “पाहा, कांहीं झालें नाहीं!” आजोबा मात्र त्या वेळीं कांहीं बोलत नाहींत.

आर्यशूराच्या जातकमालेंत सुपारग नांवाच्या वृद्ध नावाड्याची कथा आहे. त्याच्या गांवाचें नांव तेंच. तेंच आपलें सोपारा. दृष्टि मंदावलेली असतांहि व्यापाऱ्यांनीं आग्रहानें त्यास जहाजावर नेलें. वादळानें जहाज भरकटलें आणि अग्नीसारखा झळकणारा अग्निमाली समुद्र समोर आला, तेव्हां त्यानें भरलेल्या मालाचा हिशेब केला नाहीं. माघारीं फिरण्यास सांगितलें. त्याच्या गांवीं राहणारांनीं दोन हजार किलोमीटरांची नव्हे, निदान दोन महिन्यांची माघार घेण्यास शिकावें, एवढेंच आमचें मागणें आहे.